देउराली ते सिनुवा, पाण्याविना

आमच्या घरात सकाळचा चहा लिंगपूजेनंतर होतो. लिंगायत घरांत यात सांगण्यासारखं काही नाही, पण पुढचं सगळं यावरच घडलं म्हणून आधी सांगून ठेवतो. गळ्यातल्या दोऱ्याला एक लहान चांदीची डबी असते. तिला आम्ही करडगी म्हणतो. तिच्यात दीक्षेच्या वेळी स्वामींनी स्वतःच्या हातानं दिलेलं इष्टलिंग असतं. अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, त्याच्याकडे नजर लावून बसायचं, आणि मगच तोंडात पाण्याचा घोट. ज्याचं लिंग त्यालाच, दुसऱ्याचं चालत नाही. ते हरवलं तर सापडेपर्यंत, नाहीतर स्वामी नवं देईपर्यंत, अन्नपाणी घ्यायचं नाही, असं जुनी माणसं पाळत आली. माझी बायको तशी जुनी नव्हे. पन्नाशीच्या अलीकडची आहे, बीएस्सी झालेली आहे. पण ती पाळते. मी पूजा करतो, पण बऱ्याचदा घड्याळाकडे बघत.

नेपाळात अन्नपूर्णेच्या पायथ्यापर्यंत चालत जायचं हे तिनंच ठरवलं. आमच्या कॉलनीतल्या बायका केदारनाथला जाऊन आल्या, कोणी घोड्यावर, कोणी हेलिकॉप्टरनं. हिला वाटलं, जायचं तर स्वतःच्या पायानं. तिथं रस्ता नाही. दर दोन-तीन तासांच्या चालीवर लॉज असतात, लाकडी खोल्यांची, खाली जेवणघर. दिवसभर चालायचं, एका लॉजवर टेकायचं, सकाळी पुढच्या लॉजकडे निघायचं. जिथं झोपाल तिथंच जेवायचं, हा तिथला रिवाज.

लातुरात चढायला डोंगर नाही. आम्ही पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तूरडाळ भरून आमच्याच इमारतीचा जिना चढ-उतार करायचो. शेजारी विचारायचे, "काय हो, डाळ विकून राहिलात का?" एकदा खरोश्याच्या लेण्यांची टेकडी चढलो, एकदा माहूरच्या पायऱ्या. मी एका सहकारी संस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे कोणत्या दिवशी किती मीटर चढ, किती लिटर पाणी, याचं कोष्टक मी केलं होतं. उंचावर रोज चार लिटर पाणी प्यायचं, हे त्यात लाल अक्षरांत होतं. निघण्याआधी ती निलंग्याला जाऊन स्वामींना विचारून आली, की थंडीत रोज अंघोळ झाली नाही तर ओल्या टॉवेलनं अंग पुसून पूजा चालेल का. स्वामी चालेल म्हणाले. तिला असं विचारून घेतलं की बरं वाटतं. न विचारता ती स्वतःला सूट देत नाही.

नांदेडहून रेल्वेनं दिल्ली, तिथून पुढे पोखरा, मग जीपनं डोंगराच्या पोटात. बरोबर एक गाईड होता, माझ्याच वयाचा, हिंदी चांगली बोलणारा. पहिले दिवस छान गेले. वाटेतल्या सिनुव्याच्या पुढे मांस न्यायला मनाई आहे, डोंगरदेवतेला चालत नाही, असं गाईडनं सांगितलं तेव्हा बायको खूश झाली. "बगा, इतक्या लांब येऊन बी आपलेच लोक निघाले," म्हणाली.

तिची एक तक्रार होती. सॅकचा छातीवरचा पट्टा करडगीवर यायचा. मी म्हणायचो पट्टा घट्टच पाहिजे, नाहीतर खांद्यावर भार येतो, दुकानदारानं तसं बजावून सांगितलंय. ती म्हणायची, "दुकानदाराच्या गळ्यात काय हाय?" मग करडगी एका बाजूला सरकवून ती पट्टा आवळायची.

देउरालीला आम्ही दुपारी पोचलो. उंची सव्वातीन हजार मीटरच्या आसपास. समोर बर्फ, बाजूला उभे कडे, त्यांवरून पाणी खाली येतंय. दुसऱ्या दिवशी पायथ्याचा तळ गाठायचा होता. तिनं गरम पाणी मागून घेतलं, हातपाय, तोंड पुसलं, जॅकेट काढलं आणि करडगी सारखी करायला हात गळ्याशी नेला. मी बूट सोडत होतो. बूट काढून मी वर बघितलं. तिच्या हातात दोरा होता. सुती दोरा, घासून घासून तुटलेला, दोन्ही टोकांना धाग्यांचा पिंजलेला कापूस. करडगी नव्हती.

सगळे कपडे झटकले. सॅक पलंगावर उपडी केली. सकाळी बांबू नावाच्या ठिकाणी लॉजवर पूजा झाली होती, म्हणजे बांबू ते देउराली या वाटेत कुठेतरी. मधे दोन मुक्कामाच्या जागा, जंगल, ओढे, दगडांच्या पायऱ्या. दुपारी हिमालय नावाच्या लॉजवर जेवलो तेव्हा जॅकेटवरूनच छातीला हात लावून ती जेवली होती. तेव्हा तरी होती का, हे तिलाच सांगता येईना.

"बाहेरून लागली का हाताला?" मी विचारलं.

"चेन लागली. जॅकेटची चेन बी असंल ती."

उजेड होता तोवर मी आणि गाईड मागे गेलो, हिंकूच्या मोठ्या कपारीपर्यंत. गारा पडायला लागल्या. पायवाटेवर गारा, गारांत चकचकणारे दगड, प्रत्येक दगड चांदीचा. गाईडनं माझी बाही धरून परत फिरवलं.

लॉजच्या मालकिणीला वाटलं, बाईला जेवण आवडलं नाही. तिनं डाळभात परत नेला आणि आल्याचा चहा आणला. चहा तसाच राहिला, मग लिंबाचं गरम पाणी आणलं. मग लसणाचं सूप. बायको प्रत्येक वेळी दोन्ही हात जोडायची. शेवटी मालकीण माझ्याकडेच रागानं बघायला लागली, जणू मीच हिला उपाशी ठेवतोय.

गाईडला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, मग म्हणाला, "सर, खाना छोड दो, चलेगा. पानी नहीं छोड सकते. यहाँ नहीं."

"उनको बोलो ना," मी म्हणालो.

तो बोलला. दीदी, दीदी म्हणत पाच मिनिटं बोलला. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मला मराठीत म्हणाली, "चांगला माणूस हाय. त्याला म्हणावं, तू जेव."

तिची रक्तदाबाची गोळी होती. ती पाण्याबरोबर घ्यायची, म्हणून ती पण राहिली. लॉजचं वायफाय ढगांमुळे बंद, स्वामींना फोन लागण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी ती खाली ठेवली, तर तिनं उचलून माझ्या हातात दिली.

"तुमी प्या. तुमचं तुमच्या गळ्यात हाय. दोघं पडलो तर उचलणार कोण?"

मी तिच्यासमोर पाणी प्यालो. इतकं वाईट पाणी मी कधी प्यालो नाही.

मला ते सकाळी सुचलं. आमच्या दोघांच्या करडग्या एकाच सराफाच्या, लातूरच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. वर तीच नक्षी, तोच कडीचा आकार. ती अंथरुणात पडून होती, ओठ पांढरे पडले होते. शोधायला जातो म्हणून मी बाहेर पडलो. लॉजच्या मागे ओढ्याकाठी गेलो, गळ्यातून माझी करडगी काढली, दोरा काढून खिशात घातला, डबीला चिखल लावला, थोडा वेळ तिथंच उभा राहिलो आणि परत आलो.

"सापडलं," मी म्हणालो. "खाली पुलापाशी."

ती ताडकन उठून बसली. गरम पाण्याच्या तांब्यात तिनं टॉवेल भिजवला, हात पुसले, डबी पुसली, डोळ्यांना लावली, उघडली. लिंग डाव्या तळहातावर घेतलं. उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावरून एकदा फिरला, फक्त एकदा.

"हे तुमचं हाय."

"माझं कसं असंल? माझं..." मी गळ्याशी हात नेला. स्वेटर होता, म्हणून वरून काही दिसत नव्हतं.

"याला हाताची सवय न्हाई," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिनं ते पुन्हा डबीत ठेवलं, झाकण लावलं, स्वतःच्या सॅकमधून नवा दोरा काढला, ओवला, आणि डबी माझ्या गळ्यात घातली. "पूजा करून घ्या तुमची. मग निघू खाली. हुडकत हुडकत जाऊ."

मी पूजा केली. तिच्यासमोर, घड्याळ न बघता. ती माझ्या तळहाताकडे बघत बसली होती.

खाली उतरायचं हे गाईडनं आधीच ठरवलं होतं. उंची कमी झाली की धोका थोडा कमी होतो, असं त्याचं म्हणणं. हेलिकॉप्टरचं त्यानं एकदा विचारलं. बायको नाही म्हणाली, आणि ढग बघून त्यानंही तो विषय सोडला. तिची सॅक त्यानं स्वतःच्या सॅकवर बांधली. ती सर्वांत पुढे, कारण शोधायचं तिला होतं. मधे मी, मागे गाईड. ती वाटेकडे बघत चालायची, मी तिच्या पायांकडे बघत चालायचो.

त्या वाटेवर पाणी किती आहे ते सांगून पटणार नाही. डावीकडे खोल नदी, उजवीकडे कड्यांवरून धार, पायाखाली ओढा, ओढ्यावर फळी, फळीखाली ओढा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी आम्ही भांडी घासलेलं पाणी कुंड्यांना घालायचो. तेव्हा तिनं पाण्याचा एक थेंब वाया जाऊ दिला नव्हता. इथं सगळं वाया चाललं होतं आणि ती त्यातून कोरडी चालत होती. हिमालय लॉजच्या खाली पाऊस आला. तिनं टोपी पुढे ओढली आणि रुमालानं ओठ पुसून काढले. एकदा नाही. पाऊस होता तोवर पुसत राहिली.

समोरून वर जाणारे लोक भेटत होते. गाईड प्रत्येकाला थांबवून हातानं आकार दाखवायचा, चांदी, एवढीशी, गळ्यातली. लोक माना हलवायचे. एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईला वाटलं, हिची औषधाची डबी हरवली. तिनं स्वतःची डबी उघडून समोर धरली, यातल्या कोणत्या गोळ्या पाहिजेत त्या घे म्हणाली. बायकोनं तिला पण हात जोडले.

दगडांच्या फटी, पुलांच्या फळ्या, जिथं जिथं आम्ही टेकलो होतो ते कट्टे. काल जेवलो त्या बाकाखाली मी गुडघ्यांवर बसून बघितलं. बिस्किटाचे कागद होते.

दोवान नावाच्या पुढच्या लॉजवर गाईडच्या मोबाइलला रेंज आली. थोडीच, एका कोपऱ्यात, हात उंच केला तर. मी निलंग्याच्या स्वामींचा नंबर दिला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. तिकडे बँड वाजत होता, स्वामी कुठल्यातरी लग्नात होते. मी ओरडून ओरडून सांगितलं, कुठे आहोत, काय झालं, कालपासून पाणी नाही.

स्वामी म्हणाले, "पाणी घ्या म्हणावं. आधी पाणी घ्या, मग..."

आणि फोन गेला.

मी धावत कट्ट्यापाशी आलो, जिथं ती बसली होती. "स्वामी म्हणले पाणी घ्या. आधी पाणी घ्या, असं म्हणले. आता घ्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे खोल गेले होते, त्यांत चेष्टा नव्हती.

"फोन द्या."

"गेला फोन. रेंज गेली."

"मग मला कुठं ऐकू आलं?"

"मी सांगून राहिलो ना!"

"सकाळी बी तुमीच सांगितलं. पुलापाशी सापडलं म्हणून."

मी गाईडला साक्षीला बोलावलं. तो बिचारा म्हणाला, आवाज आला, मराठीत होता, मला कळलं नाही. मी शपथ घेतली. ती म्हणाली, शपथ नका घेऊ. गळ्यात लिंग असताना माणसानं शपथ घेऊ नये. मी परत कोपऱ्यात जाऊन हात उंच करून उभा राहिलो, गाईडही राहिला, फोन काही लागला नाही. रेंज आता कुठे, विचारलं. सिनुवा, गाईड म्हणाला. तिथं पक्की.

दोवानपासून बांबूपर्यंत उतार आहे. बांबूपासून सिनुव्याकडे जंगलातून पायऱ्या चढाव्या लागतात. वर जाताना ह्याच पायऱ्या आम्ही हसत उतरलो होतो आणि ती म्हणाली होती, परत येताना ह्या चढायला लागणार हाय, विसरू नका. माझ्या कोष्टकात हा चढ नव्हता. मी परतीचा रस्ता उताराचा धरला होता.

चार पायऱ्या चढली की ती थांबायची. मी तिच्या दंडाला धरायचो तर दंड काढून घ्यायची, मग दोन पायऱ्यांनी स्वतःच माझा दंड धरायची. बोलायचं तिनं बंद केलं होतं, जीभ टाळूला चिकटत होती. मी मात्र बोलत होतो. काय बोलत होतो ते आठवत नाही. सोयाबीनचा भाव, मुलीचं बाळंतपण, जिन्यातले दिवे, काहीही. एका वळणावर ती खाली बसली आणि बसूनच राहिली. गाईडनं सॅक उतरवली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघून उपयोग नाही, हे त्याला कसं सांगावं मला कळेना. माझ्या पाठीवर दीड लिटर पाणी होतं. बाटली काठोकाठ भरलेली नव्हती आणि प्रत्येक हालचालीला आतलं पाणी वाजत होतं. मी बाटली काढून गाईडच्या सॅकमध्ये खाली, कपड्यांच्या आत, घालून टाकली. तेवढंच मला करता आलं.

मी तिच्याशेजारी बसलो. तिला म्हणालो, "माझं चुकलं सकाळी."

ती मोठ्या कष्टानं म्हणाली, "तुमी दुसरं काय करणार होते?"

मग उठली.

सिनुव्याला पोचलो तेव्हा तिला खुर्चीत बसवलं. गाईडनं फोन लावला आणि पहिल्याच वेळी तो लागला. मी घेतला आणि बोलायला सुरुवात केली, तर स्वामी म्हणाले, "तुम्ही बोलू नका. तिच्या हातात द्या."

मी फोन तिच्या कानाला लावला. मोठ्या आवाजावर होता, म्हणून मलाही ऐकू येत होतं. बँड थांबलेला होता.

"पाणी घेतलं का, माय?"

"न्हाई."

"का गं?"

"ह्यांनी सांगितलं. पण तुमच्या तोंडून पाहिजे होतं."

मग स्वामी म्हणाले, "डावा हात हाय ना तुझा?"

"हाय."

"तो समोर धर. रोज जितका वेळ बघत बसतीस तितका वेळ बघ. भस्म असंल तर लाव, नसंल तर राहू दे. मग पाणी पी. इथं आलीस की मी नवं देतो, माझ्या हातानं. तवर हेच."

"रिकाम्याच हातावर?"

"मी सांगतोय ना. आता फोन ठेव, पाणी पी."

तिनं फोन मला दिला. भस्माची पुडी काढली, तिच्या सॅकमध्ये होती. तळहाताच्या मधोमध भस्माचं बोट लावलं आणि बघत बसली. लॉजची माणसं ये-जा करत होती, कोणीतरी खेचरांना ओरडत होतं, शेजारच्या टेबलावर पत्ते चालले होते. मी ग्लास भरून हातात धरून उभा होतो. ती नेहमीइतकाच वेळ बसली. तिला घाई करा म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

मग तिनं हात मिटला, डोळ्यांना लावला आणि ग्लास घेतला. पहिला घोट तोंडातच धरला, गिळता येईना. मग गिळला. दुसरा ग्लास तिनं स्वतः मागितला. तो अर्धा संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या सॅकचा पट्टा कापून टाका आधी."

गाईडनं चाकू काढला आणि खरंच कापला.

पायथ्याच्या तळापर्यंत आम्ही गेलो नाही. करडगी सापडली नाही. गाईडनं वाटेतल्या प्रत्येक लॉजवर सांगून ठेवलं आहे आणि अजून अधूनमधून त्याचा मेसेज येतो, नाही मिळाली म्हणून. लोक विचारतात काय बघितलं, तर ती बर्फाबद्दल सांगते, जंगलाबद्दल सांगते. मी सांगायला लागलो की सगळं पाण्यावर येतं, म्हणून मी कमी सांगतो.

परत आल्यावर आम्ही सरळ निलंग्याला गेलो आणि स्वामींनी तिला नवं लिंग दिलं. त्याला अजून हाताची सवय झालेली नाही, तिच्या म्हणण्याप्रमाणे. रोज सकाळी ती पाटावर बसते, डबी उघडण्याआधी डावा हात तसाच समोर धरते, रिकामा, आणि त्याच्याकडे बघते. मग नवं लिंग त्यावर ठेवते. आधी का बघते ते मी विचारलेलं नाही. माझी पूजा तिच्या आधी संपते. पूर्वी मी उठून चहा घ्यायचो. आता बसून राहतो. चहा निवून जातो, मग ती तो परत गरम करते आणि म्हणते, "घेऊन टाकायचा ना तुमी."